हातमोज्याचं मत

"मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, साहेब. मला दोन तास सोडा," सरोज गायधनी सुपरवायझर भिंगारदिवेंना म्हणाली. तिच्यामागे बिस्किटांचा पट्टा चालूच होता.

"तुमची सुट्टी झाली की. डावा हातमोजा काढा."

तिने काढला. तर्जनीवर ताजी शाई होती.

"सकाळी दहालाच मत गेलं तुमचं. हा हातमोजा पाच वर्षं तुमची नाडी वाचतोय. तुमचा कल त्याला पाठ आहे, त्यानंच मत टाकलं. चार सेकंद लागले, तेवढे भरपगारी धरलेत."

"माझा कल?" सरोजने हातमोजा त्यांच्या टेबलावर आपटला. "मागच्या महिन्यात त्या सत्तेतल्या लोकांनी आमच्या वस्तीचं पाणी तोडलं. गढूळ पाणी पिऊन माझी पोर अजून अंथरुणात आहे. यंदा त्यांना पाडायचंच म्हणून मी आजची वाट बघत होते! आणि मला न विचारता परस्पर? कुणाला टाकलंत माझं मत?"

भिंगारदिवेंनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोला, बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले. "असं विचारू नये. मतदान गुप्त असतं."