अर्धं वाक्य

"मोटार तूच चोरलीस ना?" हवालदारांनी विचारलं.

"तूच चोरलीस ना," कान्हा म्हणाला.

चौकीतले दोघेतिघे हसले आणि हवालदारांचा हात उठला. चोवीस वर्षांचा धडधाकट गडी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तो चेष्टाच करतोय असं कुणालाही वाटलं असतं. गालावर बसल्याबरोबर कान्हाने दोन्ही कान घट्ट दाबले आणि तो पुढेमागे डोलू लागला. मग हवालदारांना युक्ती सुचली.

"मी चोरली, असं म्हण."

"मी चोरली, असं म्हण," कान्हा म्हणाला.

हवालदारांनी त्यातले पहिले दोन शब्द लिहून घेतले. उरलेले सोडून दिले.

दहिवलीच्या पुढे नदीकाठी मुंबईच्या कुणा शेठचं फार्महाऊस आहे. तिथल्या विहिरीवरची पाण्याची मोटार रात्रीतून गेली होती. सकाळी राखणदाराला पंपाच्या खोलीत कान्हा सापडला. सुटे पडलेले नटबोल्ट त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत भिंतीशी ओळीने लावले होते आणि शेजारी मांडी घालून बसला होता. असला चोर राखणदाराने जन्मात पाहिला नसेल. पण हाताला लागला तो चोर, एवढं त्याला पुरेसं होतं.

आई बायजा दुपारी आली. थोरला प्रवीण तिला गाडीवरून घेऊन आला. वाटेत त्याने तिची समजूत घातली होती. कान्हा स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलेलं. अशा माणसाला कोर्ट फार काही करत नाही, दोन दिवसांत सोडून देतं. आपण वाद घालायचा नाही, केलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. प्रवीण बोलण्यात हुशार. गावात कुणाचं काही अडलं की लोक त्यालाच पुढे करतात. बायजाला त्याचं पटलंही होतं.

चौकीतली पोलीस नम्रता मात्र तसं म्हणाली नाही. उद्या कोर्टात उभा करतील, जामीन नाही झाला तर तुरुंगात जाईल, असं तिने बायजाला सरळ सांगून टाकलं. परक्या माणसाचा हात लागला तरी कान्हा किंचाळतो. आईने कालवून दिल्याशिवाय भाताला शिवत नाही. तुरुंगात त्याला कोण कालवून देणार होतं?

"त्याला इचारून उपेग नाय," ती म्हणाली. "इचारलं की तुमचंच तुमाला परत देतो. आपन वाक्य सुरू करायचं नि थांबायचं. घाई नाय करायची. मंग तो पुरं करतो. खोटं नाय बोलायचा. त्याला खोटं येतच नाय."

हवालदारांना जेवायला जायचं होतं. करा काय ते, पण लवकर, असं ते म्हणाले. नम्रताने उठून पंखा बंद केला. त्याची खरखर कान्हाला सोसत नव्हती, हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. बायजा त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"आये, कशाला तरास देते त्याला?" प्रवीण दारातून म्हणाला. "व्हतंय ना सगळं."

"कान्हा फार्महाऊसवर गेला..." बायजा म्हणाली आणि थांबली.

बराच वेळ गेला. कान्हा भिंतीकडे बघत होता.

"दादासंगं," तो म्हणाला.

हवालदारांनी मान वर केली. प्रवीण हसला. "येडं हाय ते, साहेब. कायपन बोलतं. त्याचं काय घेऊन बसलाय?"

कान्हाला येडं म्हणायला त्यांच्या घरात बंदी होती. ती प्रवीणनेच घातली होती, शाळेत असताना, भावाला चिडवणाऱ्या पोरांशी मारामारी करून आला त्या दिवशी. बायजाने वळून पाहिलं नाही. तिचा आवाज तेवढा बारीक झाला.

"कान्हा तिथंच बसला..."

"दादा म्हनला, बस. हलू नको. मी आलोच." तो हे प्रवीणच्या आवाजात म्हणाला, प्रवीणच्याच घाईत.

आणि तो रात्रभर हलला नव्हता. दादा काही आला नाही, राखणदार आला.

हवालदार जेवण विसरले. "हां मावशी, आता पुढचं. मोटार कुणी काढली, तेवढं सुरू करा."

मला दोन्ही पोरं सारखी, असं बायजा आजवर शंभरदा म्हणाली असेल. म्हणायला काय लागतं. प्रवीण खोपोलीच्या कारखान्यात होता तोवर घर त्याच्यावर चाललं. काम सुटल्याचं त्याने घरात कळूसुद्धा दिलं नव्हतं, तिलाच बाहेरून कळलं होतं. आता दोघांतला एकच तिच्याबरोबर घरी जाणार होता, आणि कोण ते तिच्या पुढच्या तीन शब्दांवर होतं. तिला प्रवीणचा भयंकर राग आला. त्याची दयाही आली. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला काही सुचेना.

कान्हा तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

तिने त्याच्या ओठांवर आपला तळवा ठेवला. मग दाराकडे मान वळवली.

"प्रवीण," ती म्हणाली, "मोटार काढली..."

आणि थांबली.