बोळाचा दावा

“बोळ किती रुंद होता, मावशी?” क्रांती वकिलीणबाईंनी विचारलं.

कोरेगावच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. साळूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या. जरा आठवून त्यांनी सांगितलं, दोन बाया घागरी घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला अंग चोरून भिंतीला टेकावं लागायचं. वकिलीणबाई हसल्या आणि कागदावर लिहिलं, अंदाजे चार फूट.

साळूबाईंच्या परड्यातून निघून शेजारच्या साईराजच्या अंगणाकडेनं मारुतीच्या पारापाशी उतरणारा तो बोळ. साळूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या, तेव्हाही तो होताच. दिवाळीनंतर साईराजनं नव्या बंगल्याला कंपाउंड घातलं आणि बोळाच्या तोंडावर पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. साईराज काही वाईट माणूस नव्हता. दारात नवी गाडी होती, मोकाट कुत्री रात्रंदिवस अंगणात शिरायची, म्हणून त्यानं भिंत घातली. कागदोपत्री जागाही त्याचीच होती. पण पूर्वापार वहिवाट असली की वाट अडवता येत नाही, असं कुणीतरी एसटीत साळूबाईंच्या कानावर घातलं, आणि त्याच आठवड्यात त्या वकील शोधत कोर्टात आल्या.

गावाला याचं नवल वाटलं. साळूबाईंच्या घरापुढून डांबरी रस्ता जातो. त्या अंगाला दुसरं घर नाही. उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या धडधडत जातात. पण रस्ता चांगला रुंद, एसटीसुद्धा हात केला की थांबते. असं असताना म्हातारीला चार फुटांच्या बोळाचा एवढा सोस कशाला? मुलगा दिग्विजय लष्करात, जोधपूरला. त्याला गावातून कुणीतरी कळवलं. त्यानं फोन केला.

“आई, ह्या वयात कोर्टाची पायरी कशाला चढतीस? शेजारी हायत आपले. केस माघारी घे.”

“बघते,” असं म्हणून साळूबाईंनी जेवलास का विचारलं. तो जेवला होता. मग त्यानं फोन ठेवला.

कोर्टाची नोटीस साईराजच्या घरी पोचली त्या दिवसापासून होतं तेवढं बोलणंही तुटलं. त्याची बायको पूजा बाजारात समोर आली आणि मान वळवून निघून गेली. पाराजवळच्या बायकाही साळूबाई दिसल्या की आवाज बारीक करायच्या. घरी भिंतीपलीकडून पूजाचं बोलणं, तिच्या लेकराचं रडणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. एकदा तिन्हीसांजेला चुलीपाशी आलेल्या मांजराला साळूबाईंनी हाकललं आणि त्या स्वतःच दचकल्या. सकाळपासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

तरी प्रत्येक तारखेला त्या धुतलेलं लुगडं नेसून कोर्टात हजर असत. पुकारा झाला की हात जोडून उभ्या राहत.

उलटतपासणीच्या दिवशी साईराजच्या वकिलानं त्यांना फार वेळ लावला नाही. घरात नळ आहे का? हाय. घरापुढं रस्ता आहे? हाय. रस्त्यानं गिरणीत, दवाखान्यात, देवळात जाता येतं? येतं.

“मग हा बोळ बंद झाल्यानं तुमचं अडलंय काय?”

साळूबाईंनी पदर सारखा केला. बाहेर आल्यावर वकिलीणबाई चिडल्या. मावशी, तिथं गप्प बसून कसं चालेल, मी कोर्टाला सांगू तरी काय, म्हणाल्या. साळूबाई खाली बघत म्हणाल्या, वाट पायजे म्हणावं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनीच तडजोडीचं विचारलं. शेजाराशेजारचं भांडण, अशानं वर्षानुवर्षं चालेल. बसून मिटवा, म्हणाले. साईराज पूजाला घेऊन आला होता. पूजाच्या कडेवर लेकरू होतं. दोघं बाजूला जाऊन काहीतरी बोलली आणि साईराज पुढं आला.

“काकीला जाया-यायला भिंतीत बारकं लोखंडी दार बसवतो, साहेब. आमची काय हरकत न्हाई.”

वकिलीणबाईंचा चेहरा खुलला. एवढं पदरात पडेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. न्यायाधीशांनी तिथल्या तिथं तडजोडीचा मजकूर सांगायला घेतला. साईराजनं स्वखर्चानं दार बसवावं. दाराची कडी साळूबाईंच्या बाजूला असावी, म्हणजे त्यांना हवं तेव्हा उघडून जाता येईल, कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. मान्य आहे का, असं त्यांनी विचारलं. साईराजनं मान हलवली.

साळूबाई हात जोडून उठल्या.

“साहेब, कडी माझ्या अंगाला नको. त्यांच्या अंगाला असू द्या.”

वकिलीणबाईंनी त्यांचा पदर ओढला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं समजावलं, की बाई, कडी तिकडून असली तर तुम्हाला दार उघडता यायचं नाही. मग त्या वाटेनं तुम्ही जाणार कशा?

साळूबाईंनी एकदा पूजाकडं पाहिलं, तिच्या कडेवरच्या लेकराकडं पाहिलं.

“मला कुटं जायाचंय, साहेब? त्यांनी कवाबी यावं, म्हणून तर केस केलीय.”