वावळाचं पान

कढईतलं खोबरं पुन्हा करपलं, तेव्हा सिंधूकाकूंनी गॅस बंद केला आणि उलथनं सुनेच्या हातात दिलं. तापातून उठल्यापासून त्यांच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता. अख्ख्या पेठेत ज्यांचा काळा मसाला नावाजलेला, त्यांना आता खमंग कुठलं आणि जळकं कुठलं हेच कळेना. "यंदापासून मसाला बंद," एवढं बोलून त्या परसात वावळाखाली जाऊन बसल्या.

झाडाच्या बियांच्या कागदासारख्या पातळ चकत्या वाऱ्यावर परसभर उडत होत्या. फांद्यांना नवी पालवी फुटली होती. काकूंनी हाताशी आलेली पानं ओरबाडली आणि सगळा राग काढत तळहातावर चुरगळली. मग डोळे पुसायला हात वर नेला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

सून धावत आली. "काय झालं, आई?"

"शी, काय घाण वास गं या पानांचा." काकूंनी हात पुन्हा नाकाशी नेला आणि अत्तर हुंगावं तसा छातीभर श्वास घेतला. "तू नवं खोबरं किसायला घे. मी हात धुऊन आलेच."

पण बराच वेळ त्यांनी हात धुतलेच नाहीत.