काटा मधोमध

"पाय काढू नको!" बॉनेटच्या आडून मुकुंदराव ओरडले. "पाय काढलास की हवा पुन्हा आत राहते. किती वेळा सांगायचं?"

सत्यवतीने ॲक्सिलरेटर तसाच दाबून ठेवला. मे महिन्यातली दुपार होती. नल्लकुंट्यातल्या त्या इमारतीच्या अंगणात सावलीचा पत्ता नव्हता, आणि गाडीत हीटर पूर्ण चालू होता. तो बंद करायची सोय नव्हती. इंजिनात अडकलेली हवा काढायची तर गरम पाणी हीटरच्या नळ्यांतूनही फिरायला हवं, असं मुकुंदरावांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तिच्या तोंडावर भट्टीसारखा वारा येत होता. पदराने घाम पुसावा तर पुसून होण्याआधीच तो परत येत होता.

"टेंपरेचरचा काटा कुठंय?"

"मधोमध."

"मधोमध म्हणजे? अर्ध्याच्या वर का खाली?"

"मधोमध म्हणजे मधोमध. येऊन बघा."

मुकुंदराव रेडिएटरच्या उघड्या तोंडावर वाकले. हिरव्या कूलंटमधून बुडबुडे येत होते. त्यांनी जाड रबरी नळी मुठीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आणखी बुडबुडे आले. पाण्याचा नवा पंप त्यांनी स्वतः बसवला होता. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याला वाट देणारी ती छोटी झडप, तीही त्यांनीच बसवली होती. पण काल ती उलटी बसली, गाडी जागच्या जागी उकळली आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं. त्यात कालचा दिवस गेला.

वरच्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीतून वाकून बघत होते. "क्या मुकुंदराव साब, मई के महीने में हीटर? भाभी कू उबाल रैं क्या? अंबरपेठ में मेकॅनिक है, मेरे पहचान का. बुलाऊं?"

"नक्को!" मान वर न करता मुकुंदराव म्हणाले.

"बोलवा की," सत्यवती आतून म्हणाली. "आधीच बोलावला असता तर आज उदगीरला असतो."

"मेकॅनिकनंच वाट लावली होती हिची."

"मग बस होती. दादाला अन्न उतरेना. चमच्यानं पाणी पाजायलेत त्याला. आणि त्याची बहीण इथं हीटरपुढं बसलीय."

मुकुंदराव खिडकीपाशी आले. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "बसनं जाऊ? पिशवी धरून उतरू त्याच्या दारात? त्याच्या वास्तुशांतीला गाडी उकळली, तर ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली तुझ्या दादानं, सगळ्या गावापुढं. वर म्हणतो कसा, दाजी, पुढच्या खेपेला बैल जोडून या. जाईन तर ह्याच गाडीनं जाईन. आणि माझ्या हातानं नीट करून."

"मग मला तरी एकटीला जाऊ द्यायचं."

"बहीण आली आणि दाजी तोंड लपवून बसला, असं म्हणू दे त्यांना? काटा बघ, काटा!"

तिने काट्याकडे पाहिलं. पाय इतका दाबला की इंजिन किंचाळलं.

"अगं हळू! फोडतेस काय?"

"फुटू दे. एकदाची फुटू दे."

मांडीवरचा फोन वाजला. दादाच्या मुलाचं, रितेशचं नाव दिसत होतं.

"फोन राहू दे! आता पाय हलवलास तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल," मुकुंदराव ओरडले आणि पुन्हा बॉनेटखाली गेले.

तिने पाय हलवला नाही. फोन कानाला लावला. हीटरच्या आवाजात आधी काही ऐकूच येईना. मग रितेशचं रडणं ऐकू आलं.

"आत्या, बाबा गेले. आत्ताच." थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत आलात?"

"निघतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात रेडिएटरमागचा पंखा घरघरत सुरू झाला. मुकुंदरावांनी काळे हात एकमेकांवर आपटले. "फिरला! पंखा फिरला! बुडबुडे बघ, एक नाही! अन् काटा?"

"मधोमध."

"बघितलंस? कुण्या मेकॅनिकच्या बापाचे उपकार नाहीत." त्यांनी फडकं धरून झाकण घट्ट पिळलं. किती दिवसांनी ते हसत होते. "कुणाचा फोन होता?"

"रितेशचा."

"काय म्हणतो?"

"कुठपर्यंत आलात, विचारत होता."

"सांग त्याला, पहाटे निघतो. आणि म्हणावं, तुझ्या बाबांना अंगणात खुर्ची टाकून बसव. दाजीची गाडी येताना दिसली पाहिजे त्यांना."

सत्यवतीने पाय उचलला. चावी फिरवली. इंजिन थांबलं. ती खाली उतरली, तेव्हा साडी पाठीला चिकटलेली होती. मागच्या सीटवर तिची भरलेली पिशवी होती. ती तिने ओढून घेतली आणि फाटकाकडे चालू लागली.

"अगं, कुठं निघालीस?"

"बसस्टँडला."

"डोकं फिरलंय का तुझं? गाडी झाली की! इतके दिवस मर मर मरलो ते कुणासाठी? आता तू बसनं जाणार, अन् मी मागून एकटा जाऊ?"

ती फाटकापाशी थांबली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही गाडीनंच या," ती म्हणाली. "सावकाश या. दादाला आता घाई नाही."