आजोबांच्या हातातलं मनगट

धाकट्या आत्याचं लग्न झालं, त्या वर्षी भिंगरी तिसरीत गेली, पण अक्षरं काही तिच्या डोळ्यांपुढे जागेवर राहीनात. बाईंनी डिस्लेक्सिया सांगितला. आई मात्र "अगं, नीट बघ की!" म्हणून पाठी लागायची.

मग शिवणकाम सोडून घरी बसलेल्या आजोबांनी तिला आपल्याकडे शिकायला घेतलं. जाड कापडातून अक्षरं कापून तिला बोटांनी चाचपायला लावली. धडा वाचताना ते डोळे मिटून तिचं मनगट धरत. शब्द बरोबर आला की हलकेच दाबत. चुकला तर नुसते थांबत. "सावकाश, राणी. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय!"

एका दुपारी तिने पहिली ओळ वाचली. मनगट दाबलं गेलं नाही. तिने पुन्हा वाचली, मग एकेका अक्षरावर बोट ठेवून आणखी एकदा. शेवटी तिला रडू फुटलं.

"आजोबा, कुठं चुकतेय ते सांगा ना!"

आई हात पुसत बाहेर आली. "वेडाबाई, तिन्ही वेळा बरोबर वाचलंस! ऐकलंत ना, आजोबा?"

आजोबा त्याच दुपारी गेले, ती ओळ पहिल्यांदा पुरी व्हायच्या आत.