कॉलरचा दोरा

"खाकी वर्दी पोलिसांची. खासगी पहारेकऱ्याने घालायची नाही," तपासणी अधिकारी म्हणाले. "नूतनबेन, तुमच्या सिक्युरिटी एजन्सीने दिली असेल तर परवाना रद्द." मिलमालकाला रुबाब हवा होता म्हणून नूतननेच ती शिवून घेतली होती. तिच्या परवान्यावर पहारेकऱ्यांची चाळीस घरं जगत होती. ती वर्दी अंगावर असलेल्या पहारेकरी भटूआप्पांनी घसा खाकरला. "ताईंनी निळीच दिलती, साहेब. मीच पांडेसऱ्याच्या रंगाऱ्याकडून खाकी रंगवून आणली. पोरीला बघायला पाहुणे येणार होते." "मग केस तुमच्यावर." भटूआप्पांनी मान डोलावली. अधिकारी लिहू लागले. नूतनची नजर आप्पांच्या कॉलरवर खिळली. डाइंग मिलमध्ये राबलेल्या वडिलांनी तिला शिकवलं होतं: सुती कापड रंगतं, पण शिलाईचा पॉलिस्टर दोरा जुनाच रंग धरून राहतो. हा दोरा निळा नव्हता, खाकी होता. तिने भिंतीवरचा परवाना काढून टेबलावर ठेवला. "साहेब, कॉलरचा दोरा बघा. मग माझं नाव लिहा."