तीन अक्षरं

"यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक वाचलेला जीव," गाईड म्हणाली, आणि तोरिनोहून आलेली मंडळी काचेच्या कपाटाजवळ सरकली.

आत निळ्या मखमलीवर चांदीच्या वस्तू टांगल्या होत्या. हृदयं, डोळे, पाय, एक हात. इटलीतल्या लुक्का गावच्या लोकांनी नवस फेडताना मादोन्नाला, मेरीमातेला, वाहिलेल्या. तिसऱ्या ओळीत तळहाताएवढं एक बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. छातीवर तीन अक्षरं कोरलेली. त्यांचा अर्थ इथं शाळेत न जाणारी पोरंही सांगतात: कृपा लाभली, म्हणून.

"अगंबाई, हे बघा ना, किती गोड!" टोपीवाली एक बाई नवऱ्याला म्हणाली. "वाचलं म्हणजे बिचारं."

तिच्या मागे इलेनिया उभी होती. पर्सचा पट्टा तिनं मुठीत आवळून धरला होता. मंडळी पुढच्या दालनात जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

दाराशी खुर्चीवर बसलेल्या फोस्कानं तिला ओळखलं. तीस वर्षं ही म्हातारी शेजारच्या चर्चच्या किल्ल्या सांभाळत होती. या उन्हाळ्यात चर्चच्या भिंतीवरचे सगळे नवस या नव्या संग्रहालयात आणले, आणि आता किल्ल्यांबरोबर फोस्काही इकडे आली होती.

"तू! फेब्रुवारीतली! ये गं पोरी." ती काठी टेकत उठली. "बघ, नवा गुडघा बसवलाय मी. मार्चपासून लेकीकडे ग्रोस्सेतोला पडून होते, गेल्या आठवड्यात आले. आता मादोन्नाला चांदीचा गुडघा द्यायचाय, तर लेक म्हणते, आधी जिना चढून दाखव. खरंय तिचं. आधी कृपा, मग चांदी. तुझ्यासारखी घाईची नवसकरीण मी दुसरी पाहिली नाही हं!"

इलेनिया तिच्या खुर्चीपाशी आली.

"पोरगा काय म्हणतो? गावाच्या तटबंदीवर सायकल पळवत असेल आता. आणायचं नाही का बरोबर?"

"फोस्कामावशी, ते बाळ मला काढून द्या."

"कुठलं?"

"माझं."

फोस्का हसली. "वा गं वा! दिलेलं परत? मादोन्ना काय सोनाराचं दुकान वाटली तुला? आणि आता त्याला नंबर लागलाय बाई. दोनशे सतरा. पाद्रीबुवांना विचारल्याशिवाय इथली धूळसुद्धा झटकता येत नाही मला."

"खोटं आहे ते."

"चांदी खोटी?"

"अक्षरं."

फोस्कानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी, खाली पाहिलं. चार वर्षांचं मूल आईचा हात धरून जिथं उभं राहतं, तिथं.

"कधी?"

"मे महिन्यात. अकरा तारखेला."

पलीकडच्या दालनात गाईड काहीतरी गमतीचं सांगत होती. मंडळी हसली.

फोस्का हळूच खुर्चीत बसली. "चूक माझी. त्या दिवशी तुझे हात इतके कापत होते, की मीच खिळा ठोकून दिला. म्हणायला हवं होतं, थांब, आधी पोरगं दवाखान्यातून घरी येऊ दे."

"मी ऐकलं नसतं." इलेनिया कपाटाकडे बघत होती. "मला वाटलं, सगळ्यांदेखत लिहून टांगलं, की मग मादोन्नाला शब्द फिरवता येणार नाही."

ती फोस्काकडे वळली. "चौथ्यांदा आलेय मी इथं. दर वेळी कुणीतरी त्याच्यासमोर थांबतं आणि म्हणतं, वाचलं."

फोस्का उठून कपाटाशी गेली आणि तिनं कमरेचा जुडगा काढला. दोन किल्ल्या चुकल्या, तिसरी लागली.

"आणि पाद्रीबुवा?" इलेनियानं विचारलं.

"त्यांचं मी बघते. ओरडले तर पळून जाईन. गुडघा नवा आहे."

तिनं बाळ खिळ्यावरून उतरवलं, त्यावर फुंकर घातली, स्वेटरच्या बाहीनं पुसलं. द्यायला हात पुढे केला आणि थांबली.

"सोनाराकडे ने. घासून काढील ती अक्षरं. दहा मिनिटांचं काम."

"मग उरेल काय?"

"बाळ उरेल."

इलेनियानं दोन्ही हात पुढे केले. बाळ घेताना तिच्या डाव्या हाताचा तळवा आपोआप त्याच्या डोक्याखाली गेला. तिनं ते पर्समध्ये ठेवलं नाही. कोटाच्या आत, छातीशी धरून ती जिना उतरली.

मंडळी परत फिरली तेव्हा फोस्का कपाट बंद करत होती. टोपीवाली बाई मोकळ्या खिळ्यासमोर थबकली.

"अहो, इथं आत्ता ते बाळ होतं ना?"

"घरी गेलं," फोस्का म्हणाली, आणि तिनं कुलूप लावलं.